ओल धरलेले भाड्याचे घर: आजार कसा ओळखावा आणि ओलीचा बंदोबस्त कोणत्या क्रमाने करावा

मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांहून अधिक असते. अशा हवेत भिंतीला ओल यायचीच, असे सगळेच गृहीत धरतात आणि दुर्लक्षाची सुरुवात तिथेच होते. भाड्याच्या घरात अडचण आणखी वाढते, कारण भिंत मालकाची असते, गळती कदाचित वरच्या मजल्याची असते, बाहेरचा गिलावा सोसायटीचा असतो आणि खोकला मात्र राहणाऱ्याचा असतो. म्हणून हा लेख प्रामुख्याने भाडेकरूसाठी आहे. त्यात सांगितलेला क्रम महत्त्वाचा आहे: पाणी कुठून येते हे कळल्याशिवाय भिंत पुसण्यात, रंग लावण्यात किंवा नुसतीच औषधे घेण्यात फारसा अर्थ नसतो.

ओलीमुळे शरीरात काय घडते

भिजलेला पृष्ठभाग २४ ते ४८ तासांत सुकला नाही, तर त्यावर बुरशी रुजू शकते. रंग, वॉलपेपर, प्लायवूड, चामडे, कापूस, पुस्तकांचे कागद असे काहीही तिला चालते. ती डोळ्यांना दिसू लागण्यापूर्वीच कुबट वास येतो. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू आणि तिच्या धाग्यांचे तुकडे हवेत मिसळून नाका-घशात आणि फुप्फुसांत जातात. त्याच दमट हवेत गाद्या-उशांमधील धुळीचे किडे आणि स्वयंपाकघरातील झुरळेही वाढतात व त्यांचे अवशेष दम्याला तितकेच कारणीभूत ठरतात. त्यामुळे भिंतीवर काळा डाग नाही एवढ्यावरून घर निर्धोक ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. हवेत अमुक इतके बीजाणू असल्यास सुरक्षित, अशी कोणतीही मर्यादा त्यांत घालून दिलेली नाही. ओल आणि बुरशी मुळातच होऊ न देणे हाच उपाय त्यांत सांगितला आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा, की हवेचे नमुने प्रयोगशाळेत पाठवण्यावर पैसे घालवण्याची सहसा गरज नसते. डाग दिसत असेल किंवा वास येत असेल, तर तेवढा पुरावा कामाला लागण्यास पुरेसा आहे.

सर्वांत जास्त आढळणारे त्रास साधे वाटतात: सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ, चोंदलेले किंवा वाहते नाक, डोळ्यांची खाज, घशातील खवखव, रात्री वाढणारा कोरडा खोकला, छातीतून येणारी शिट्टी. ज्यांना दमा आहे त्यांचे झटके वाढतात, पंप वारंवार घ्यावा लागतो, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर दर पंधरा दिवसांनी "सर्दी-खोकला" म्हणून डॉक्टरांकडे फेऱ्या होतात.

यापलीकडचे काही आजार कमी आढळतात, पण आपल्याकडे ते चुकीच्या नावाखाली दडून राहतात. दमा असलेल्या काही रुग्णांच्या श्वासनलिकांत ॲस्परजिलस या बुरशीची तीव्र ॲलर्जी निर्माण होते. एक्स-रेवर दिसणाऱ्या सावल्यांमुळे भारतात अशा रुग्णांना टीबी समजून महिनोन्महिने टीबीचीच औषधे दिली गेल्याचे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. ज्यांना पूर्वी टीबी होऊन गेला आहे आणि फुप्फुसात पोकळी राहिली आहे, त्यांच्या त्या पोकळीत हीच बुरशी घर करू शकते व थुंकीतून रक्त येऊ शकते. टीबीचा इतिहास असलेली कुटुंबे मुंबईत कमी नाहीत, म्हणून हा मुद्दा तळटीपेत टाकण्यासारखा नाही.

तिसरा आजार म्हणजे बुरशी किंवा पक्ष्यांची विष्ठा-पिसे यांसारखे कण सतत श्वासात गेल्याने फुप्फुसांना येणारी अतिसंवेदनशील सूज, जी वेळीच न ओळखल्यास फुप्फुसे कायमची कडक करू शकते. फुप्फुसांच्या अशा दीर्घकालीन विकारांची भारतातील १९ शहरांमधील २७ केंद्रांनी केलेली नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हा आजार असल्याचे आढळले आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आला होता. त्यामुळे हा प्रश्न केवळ कोकणाचा नाही. नागपूर-अकोल्याकडे भाड्याच्या खोलीसोबत मिळणाऱ्या जुन्या कूलरमधील सडलेले गवत आणि साचलेले पाणीही याच यादीत येते. हंगामाच्या सुरुवातीला कूलरचे गवत बदलावे, टाकी घासून वरचेवर रिकामी करावी आणि कुबट वासाचा कूलर चालू करू नये.

दोन गैरसमज मात्र दूर केले पाहिजेत. २०२१ साली कोविडनंतर "काळी बुरशी" म्हणून गाजलेला म्युकरमायकोसिस आणि भिंतीवरचा काळा डाग या एकच गोष्टी नव्हेत. म्युकरमायकोसिस मुख्यतः अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइडचा मोठा डोस किंवा खचलेली प्रतिकारशक्ती असलेल्यांना होतो. तरीही अशा व्यक्तींनी, तसेच केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयवरोपण झालेल्या व्यक्तींनी बुरशी लागलेल्या खोलीत झोपू नये आणि ती साफही करू नये. दुसरा गैरसमज इंटरनेटवर फिरणाऱ्या "विषारी काळ्या बुरशी"चा आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १९९३-९४ मध्ये तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांतील रक्तस्रावाचा संबंध एका विशिष्ट बुरशीशी जोडला गेला होता, परंतु तो संबंध सिद्ध होत नसल्याचे तेथील रोगनियंत्रण केंद्राने २००० साली स्पष्ट केले. बुरशीचा रंग पाहून घाबरण्याचे किंवा निश्चिंत होण्याचे कारण नाही. रंग कोणताही असो, तिची वाढ थांबवणे आवश्यकच असते.

पहिली पायरी: त्रासाची नोंद आणि डॉक्टरांची भेट

दोन-तीन आठवडे एका वहीत रोजची नोंद ठेवावी: त्रास कोणत्या वेळी होतो, कोणत्या खोलीत वाढतो, सुटीत गावी किंवा नातेवाइकांकडे राहिल्यावर कमी होतो का, आणि परत आल्यावर किती दिवसांत पुन्हा सुरू होतो. घराबाहेर राहिल्यावर उतार पडणे हा घराशी संबंध असल्याचा सर्वांत सोपा संकेत आहे. बहुतेक रुग्ण डॉक्टरांना घराबद्दल सांगत नाहीत आणि दवाखान्यातील गर्दीत डॉक्टरही विचारत नाहीत. म्हणून ही वही आणि भिंतीचे दोन फोटो सोबत न्यावेत. गरजेनुसार डॉक्टर स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून करायची फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी), छातीचा एक्स-रे, त्वचेवरील ॲलर्जी चाचणी किंवा रक्तातील एकूण आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड) व ॲस्परजिलस-विशिष्ट आयजीई सुचवतील.

बुरशी दिसली म्हणून औषधाच्या दुकानातून स्वतःच बुरशीविरोधी गोळ्या आणू नयेत, कारण साध्या ॲलर्जीवर त्यांचा उपयोग नसतो आणि यकृताला अपाय होऊ शकतो. एक वाक्यही सलग बोलता येऊ नये इतकी धाप लागणे, ओठ निळसर पडणे, पंप घेऊनही आराम न वाटणे किंवा थुंकीतून रक्त येणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

दुसरी पायरी: पाणी कुठून येते ते शोधणे

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण दुरुस्ती कोणी करायची हे तिच्यावर अवलंबून असते. सुरुवात कॅलेंडरपासून करावी. पाऊस सुरू झाल्यावर दिसणारी आणि पाऊस थांबल्यावर हळूहळू सुकणारी ओल बाहेरून येते: भिंतीच्या भेगांतून, खिडकीच्या चौकटीच्या फटींतून किंवा गच्चीच्या खराब झालेल्या कोब्यातून. आपल्याकडे मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंतींवर झड बसते आणि त्या आधी भिजतात. वर्षभर, अगदी एप्रिलमध्येही टिकणारी ओल पावसाची नसते. ती नळाची, सांडपाण्याच्या पाइपची किंवा वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघराची असते. न्हाणीघराला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर फुगलेला रंग, छतावर तपकिरी कडा असलेला गोल डाग आणि टाइलच्या सांध्यांतून निघून गेलेले सिमेंट ही त्याची लक्षणे होत.

तळमजल्यावर किंवा जुन्या चाळीत ओल जमिनीकडून वर चढते. ती साधारण कमरेच्या उंचीपर्यंत थांबते, भिंतीला पांढरा लोणा लागतो आणि पोपडे सुटतात. हा पांढरा भुगा पुष्कळदा बुरशी समजला जातो. त्याचा चिमूटभर भाग पाण्यात टाकून पाहावा; विरघळला तर तो क्षार आहे.

चौथा प्रकार हवेतल्या बाष्पाचा आहे आणि तो ओळखणे सर्वांत अवघड जाते. २७ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २४ अंश असतो, म्हणजे तिला २४ अंशांहून थंड भिंत भेटली की तिथे पाणी जमणार. शेजारचा एसी २० अंशांवर चालत असेल, तर मधल्या पातळ भिंतीच्या आपल्या बाजूला असेच घडू शकते आणि आपण मात्र गळती शोधत बसतो. हे तपासण्यासाठी भिंत कोरडी पुसून त्यावर हातभर रुंदीचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. खोलीकडच्या बाजूला दव आले असेल तर दोष हवेचा; फॉइलच्या मागे पाणी असेल तर दोष भिंतीचा. आपल्याच एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे का, हेही जाता जाता पाहून घ्यावे.

वरच्या फ्लॅटवर संशय असेल तर तेथील रहिवाशांच्या संमतीने न्हाणीघराची जाळी बंद करून त्यात रंगीत पाणी २४ तास साठवण्याची चाचणी प्लंबरकडून करून घेता येते. खाली रंग उतरला की वाद बराच मिटतो.

एक इशारा: स्विचबोर्डजवळ ओल आली असेल, भिंतीला हात लावताच झिणझिण्या येत असतील, किंवा छताचा गिलावा फुगून आतील गंजलेली सळई दिसू लागली असेल, तर हा विषय बुरशीच्या पुढे गेला आहे. अशा वेळी मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे आणि त्या छताखाली कोणालाही झोपू देऊ नये. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) बंधनकारक आहे. ते झाले आहे का, हे सोसायटीला विचारण्यास संकोच करू नये.

तिसरी पायरी: दुरुस्ती होईपर्यंतचा बंदोबस्त

परदेशी सल्ल्यांमध्ये "खिडक्या उघड्या ठेवा" हे पहिले वाक्य असते. थंड देशांत ते योग्यच आहे, कारण तिथली बाहेरची हवा कोरडी असते. मुंबईच्या जुलैमध्ये दिवसभर खिडकी उघडी ठेवल्यास बाहेरचा दमटपणाच आत येतो. म्हणून पाऊस उघडून ऊन पडलेल्या तासांत खिडक्या उघडाव्यात आणि संततधार चालू असताना बंद ठेवाव्यात. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांतील एक्झॉस्ट पंखे वापरानंतरही अर्धा तास चालू ठेवावेत. गॅस चालू असताना मात्र हवा खेळती असलीच पाहिजे.

धुतलेल्या कपड्यांचा एक घाणा खोलीत वाळवला की सुमारे दोन लिटर पाणी हवेत जाते. बाहेर वाळत घालणे शक्य नसेल, तर सर्व दोऱ्या एकाच खोलीत बांधून दार लावून घ्यावे, पंखा आणि एक्झॉस्ट चालू ठेवावा; बाळाच्या किंवा दम्याच्या रुग्णाच्या खोलीत कपडे अजिबात वाळवू नयेत. एसी असल्यास ड्राय मोडवर किंवा २६ अंशांच्या आसपास चालवावा. काही शे रुपयांना मिळणारे आर्द्रतामापक यंत्र भिंतीवर लावावे आणि निदान झोपण्याच्या खोलीत आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करावा. एसी नसल्यास बंद खोलीत डीह्युमिडिफायर (हवेतील ओलावा काढून घेणारे यंत्र) उपयोगी पडतो. कपाटात टांगायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या मात्र कपाटापुरत्याच कामाच्या असतात. त्यांच्याने खोली कोरडी होत नाही.

पलंग आणि कपाटे भिंतीपासून निदान चार बोटे पुढे ओढावीत. कुबट वास घालवण्यासाठी धूप, उदबत्ती किंवा धुरी यांचा आधार घेऊ नये. बुरशी तशीच राहते आणि दम्याच्या रुग्णाला धुराची भर पडते. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवण्याची पद्धत तर बंदच करावी, कारण त्यांतील नॅफ्थलीनमुळे जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि बाळाला ही कमतरता आहे हे आई-वडिलांना बहुधा ठाऊकच नसते.

चौथी पायरी: बुरशी काढणे

साधारण तीन फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढ्या भागापर्यंतची बुरशी निरोगी प्रौढ व्यक्ती घरी काढू शकते. त्याहून मोठी असेल तर मालकाकरवी कारागीर लावावा. काम सुरू करण्यापूर्वी फोटो काढून ठेवावेत, कारण एकदा डाग पुसला की पुरावाही जातो. मुले आणि आजारी माणसे बाहेर पाठवून, खोलीचे दार लावून, खिडकी उघडून आणि पंखा बंद ठेवून काम करावे. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा आवश्यक आहे.

कोरडा ब्रश किंवा झाडू कधीही फिरवू नये. त्याने बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने भाग ओला करून पुसावा, स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसावा आणि पंखा लावून पूर्ण सुकवावा. वापरलेली कापडे पिशवीत बांधून टाकून द्यावीत. टाइलसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर ब्लीच चालते, पण गिलाव्याच्या आत शिरलेल्या बुरशीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. ब्लीचमध्ये शौचालय साफ करण्याचे आम्लयुक्त द्रव, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव चुकूनही मिसळू नये. त्यातून निघणारे वायू बंद न्हाणीघरात जीवघेणे ठरतात.

आतपर्यंत भिजून बुरशी लागलेली गादी, उशी, भुसभुशीत झालेले प्लायवूड वाचवण्याचा मोह टाळावा. चादरी-पडदे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत, त्याने धुळीचे किडेही मरतात. ओल कायम असताना वरून पुट्टी आणि रंग मारणे म्हणजे दोन महिन्यांची सफेदी विकत घेणे. मालकाने तसे सुचवल्यास आधी मूळ गळतीची दुरुस्ती मागावी.

पाचवी पायरी: मालक, सोसायटी आणि कायदा

फोनवरचे बोलणे पुराव्यात धरता येत नाही, म्हणून तक्रार लेखी करावी. तीत ओल प्रथम कधी दिसली, कोणत्या भिंतीवर, चाचणीत काय आढळले, घरात कोणाला काय त्रास आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्ती अपेक्षित आहे, एवढेच सौम्य पण स्पष्ट भाषेत लिहावे. सोबत तारखेसह फोटो आणि असल्यास डॉक्टरांचे पत्र जोडावे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामायिक पाइप यांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, तर फ्लॅटच्या आतील न्हाणीघराची दुरुस्ती त्या फ्लॅटच्या सभासदाने. भाडेकरू पूर्ण सभासद नसल्यामुळे सोसायटीकडील अर्ज मालकाच्या सहीने जावा, हे अधिक परिणामकारक ठरते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. नोटीस दिल्यापासून १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही वजावट वर्षाच्या एकूण भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. ही तरतूद कायद्याच्या भाषेतील भाडेकरूसाठी आहे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे जागा वापरण्याच्या नुसत्या परवान्यावर राहणाऱ्याने तिच्यावर विसंबून परस्पर पैसे कापू नयेत आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. त्याचे खरे संरक्षण म्हणजे करारातील शब्द. म्हणून सही करण्यापूर्वीच पुढील अर्थाचे कलम घालून घ्यावे: "जागेत गळती अथवा ओल आढळल्यास लेखी कळविल्यापासून १५ दिवसांच्या आत मालक स्वखर्चाने तिचे मूळ कारण दुरुस्त करून देतील, तसे न झाल्यास परवानाधारकास लॉक-इन कालावधीची (ठरलेल्या मुदतीपूर्वी जागा न सोडण्याची) अट लागू राहणार नाही व एक महिन्याच्या सूचनेने जागा सोडल्यास अनामत रक्कम पूर्ण परत मिळेल." मालक हे कलम नाकारत असेल, तर त्या नकारातूनही घराविषयी बरेच कळते.

"तुम्ही घरात कपडे वाळवता म्हणून बुरशी येते" हे उत्तर जवळजवळ प्रत्येक भाडेकरूला कधी ना कधी ऐकावे लागते. इंग्लंडमधील रॉचडेल येथे २०२० साली बुरशीने भरलेल्या सरकारी अनुदानित घरात राहणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाचा श्वसनविकाराने मृत्यू झाला, तेव्हाही आधी दोष कुटुंबाच्या राहणीमानावर ढकलला गेला होता. बुरशीचा दीर्घ संपर्क हेच कारण असल्याचा निष्कर्ष मृत्यूचौकशीत २०२२ साली निघाला आणि त्यानंतर तिथे घरमालक संस्थांना ठरावीक मुदतीत दुरुस्ती करण्याचे बंधन घालणारा कायदा झाला. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला कायद्याने तशी मुदत मिळवून दिलेली नाही, त्यामुळे फॉइलची चाचणी आणि आर्द्रतामापकाचे रोजचे आकडे हीच भाडेकरूची बाजू ठरते.

घर सोडताना आणि नवे पाहताना

दुरुस्ती होत नसेल आणि घरात दमा, गरोदरपण, तान्हे बाळ किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली व्यक्ती असेल, तर ब्रोकरेज बुडाले तरी घर बदलणे स्वस्त पडते. किल्ली देताना प्रत्येक खोलीचे चित्रीकरण करावे आणि ओलीचे डाग आधीपासूनचे असल्याचे मालकाकडून लिहून घ्यावे, म्हणजे अनामत रकमेतून रंगकामाचे पैसे कापले जाणार नाहीत.

नवे घर शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये पाहावे. मे महिन्यात पाहावे लागले, तर एकाच भिंतीवर ताजा रंग का आहे, हे विचारावे. बंद घरात शिरताच पहिला श्वास घेऊन वास पाहावा. सिंकखालचे कप्पे आणि भिंतीतील कपाटांच्या पाठी उघडून हात फिरवावा. वरच्या मजल्यावर घर असल्यास गच्चीवर जाऊन यावे. आणि शेजाऱ्यांना गेल्या पावसाबद्दल विचारावे, कारण दलाल जे सांगत नाही ते शेजारी दारातच सांगून टाकतात. सामान हलवताना गाद्या, पुस्तके आणि चामड्याच्या वस्तू कडक ऊन दाखवून, मास्क लावून घराबाहेर झटकून मगच नव्या घरात न्याव्यात, आणि पाठीला बुरशी लागलेले प्लायवूडचे कपाट सोबत नेऊ नये.